शब्दकोशामागच्या गोळ्या

मरणाच्या दारात उभा असलेला माणूस खोटं बोलत नाही, असं म्हणतात. मी तिथं जाऊन आलो आहे. उभा नव्हतो — आडवा होतो, नाकाला नळी होती, आणि दार म्हणावं असं काही नव्हतं, एक हिरवा पडदा होता. तिथं मी खोटं बोललो. चांगल्या, पूर्ण वाक्यात.

हे मी पाच वर्षं कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, ज्यांनी मला वाचवलं त्यांना तर नाहीच. सांगण्याजोग्या वेळा आल्या नाहीत असं नाही. बऱ्याच आल्या. प्रत्येक वेळी मी विषय बदलला, आणि विषय बदलण्यात माझा हात धरणारा अकोल्यात कोणी नाही — पस्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवलं. पोरांनी अडचणीचा प्रश्न विचारला की मी त्यांना त्याच प्रश्नातला समास सोडवायला सांगत असे.

आताही बघा, मी तेच करून राहिलो. कुठून सुरुवात करू? आजारापासून करतो. तो तरी माझा दोष नव्हता.

साठी यायच्या आधीच्या हिवाळ्यात मी अचानक हुशार झालो. चार तासांची झोप पुरायला लागली. पहाटे उठून लिहायला बसलो की सकाळच्या चहापर्यंत एक लेख हातावेगळा होई. दुप्पट जेवत होतो आणि तरी वजन उतरत होतं. पोट गेलं. गावात लोक थांबवून विचारत, "सर, काय डाएट करून राहिले तुमी?" मी सांगायचो, "वाचन." डिसेंबरात पंखा लावून झोपत होतो, हात थरथरत होते, गळ्यातली नाडी शर्टाच्या कॉलरवर ठोके देत होती — पण या गोष्टी मी जमेस धरल्या नाहीत. जे आवडतं तेवढंच खरं मानायचं, हे मी अंधश्रद्धाळू लोकांबद्दल अनेक लेखांतून लिहिलं आहे.

एका डॉक्टरांनी अॅसिडिटी सांगितली. दुसऱ्यांनी टेन्शन. "रिटायर माणसाले टेन्शन कायचं?" असं मंदानं — माझ्या बायकोनं — त्यांना तिथंच विचारलं, आणि मला ओढून मृणालकडे नेलं.

मृणाल माझी विद्यार्थिनी. अकरावी-बारावीला होती, मराठीत बेताचे गुण आणि बाकी सगळ्यात भरपूर. आता अकोल्यातली नावाजलेली डॉक्टर. तिनं मला दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. वारा नव्हता. कागद फडफडत होता. आम्ही तिघं त्या कागदाकडे बघत राहिलो.

"सर, ही हुशारी नाही," ती म्हणाली. "थायरॉइड आहे."

गळ्यातली ती लहानशी ग्रंथी गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस तयार करत होती आणि त्या रसावर माझं सगळं शरीर — हृदय, हात, आणि म्हणे माझी लेखणीसुद्धा — धावत सुटलं होतं. मृणालनं गोळ्या दिल्या. ग्रंथीला आवर घालणाऱ्या तीन, फिकट गुलाबी, आणि नाडी सावकाश ठेवणारी एक. रक्त तपासलं, पुन्हा तपासलं, स्वतः फोन करून विचारपूस केली. दोन-तीन महिन्यांत सगळं जागेवर आलं. झोप आली. पोट आलं. लेख यायचे थांबले. मी पुन्हा निवृत्त शिक्षक झालो.

याबद्दल माणसानं उपकार मानायचे असतात की नाही? मी मानले. तोंडानं.

त्यानंतर आला सत्कार.

सत्काराबद्दल माझी मतं वऱ्हाडात बऱ्याच जणांना पाठ होती. शाल हे थंडीचं वस्त्र असून आपल्याकडे ते भर उन्हाळ्यात एकाच माणसाला तीन-तीन पांघरतात. नारळ देतात, तो सत्कारमूर्तीचा ड्रायव्हर खातो. आणि मानपत्रातली विशेषणं काढून टाकली तर उरतं ते फक्त नाव, तेही चुकीचं छापलेलं. हे मी व्याख्यानांत सांगायचो आणि लोक टाळ्या वाजवायचे, आणि मग माझा सत्कार करायचे. तर अमरावतीत स्थायिक झालेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी साठीनिमित्त माझा मोठा सत्कार ठरवला. समिती केली. मी दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा ते विचारायला आले तेव्हा, ते नाराज होऊन परत जातील या भीतीनं, चहा येण्याआधीच हो म्हणालो.

आता थोडं हळू सांगतो. कारण इथंच —

मला त्या हिवाळ्यातला माणूस पाहिजे होता. एका दिवसापुरता. जो बारीक होता, ज्याला शब्द सुचत, ज्याच्या कोटाची बटणं लागत. व्यासपीठावर गोळ्या खाऊन सुस्तावलेला, पोट सुटलेला म्हातारा उभा करावा आणि त्याच्याबद्दल लोकांनी 'तेजस्वी' म्हणावं, हे मला — मला काय वाटत होतं? हास्यास्पद वाटत होतं. म्हणजे मी विशेषण बदलायला तयार नव्हतो. म्हातारा बदलायला निघालो होतो.

मंदा रोज सकाळ-संध्याकाळ एका छोट्या डबीतून गोळ्या माझ्या हातावर ठेवायची, पाण्याचा पेला द्यायची आणि गॅसवरचं दूध बघायला वळायची. तेवढा वेळ पुरत असे. माझ्या खोलीत वरच्या फळीवर शब्दकोशाचे जाडजूड खंड आहेत. त्यांच्या मागे, भिंतीपाशी, चार बोटं जागा आहे. पुस्तकांचा क्रम बिघडतो म्हणून मी एकदा मंदावर फार ओरडलो होतो. तेव्हापासून तिनं त्या फळीला हात लावला नव्हता. गुलाबी गोळ्या तिथं गेल्या. नाडीची गोळी मात्र मी प्रामाणिकपणे घेत होतो — हात थरथरले तर भाषणाचा कागद हलतो.

सात आठवडे हे चाललं.

आणि तो माणूस आला! सांगायला लाज वाटते, पण किती बरं वाटत होतं मला. पहाटे तीनला जाग, डोक्यात वाक्यांची रांग. मग पायांना सूज आली. मी सैल चपला घेतल्या. उताणं झोपलं की दम लागू लागला. मी दोन उशा घेतल्या. डोळे पिवळे दिसतात असं मंदा म्हणाली. मी म्हटलं, बल्ब बदल. आयुष्यभर लोकांना पुरावा मागणारा मी, आणि पुरावा रोज आरशात समोर उभा होता.

सत्कार सकाळी अकराला होता. बाहेर अमरावतीचं मे महिन्यातलं ऊन, आत गर्दी, नाश्त्याला गिला वडा. मला तीन शाली पांघरल्या. ज्याला डिसेंबरात पंखा लागतो त्याला. मी बोलायला उभा राहिलो आणि बोललो, आणि मला वाटलं, असं मी आजवर बोललो नाही. नंतर एका विद्यार्थ्यानं त्याची चित्रफीत दाखवली. "आमाले वाटलं मोबाइलच फास्ट करून राहिला," तो म्हणाला. त्यात एक माणूस दीडपट वेगानं बोलतो आहे आणि समोरची माणसं समजल्यासारखे चेहरे करून बसली आहेत. मध्येच माझा श्वास अडकला. वाक्य सुटलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ओठ थरथरले. सूत्रसंचालक माइकवर म्हणाला, "सरांना गहिवरून आलेलं आहे." सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

फुप्फुसात पाणी साचलं होतं.

खुर्चीत बसवलं, नारळपाणी पाजलं. समितीतला एक जण औषधाचं दुकान चालवतो. त्यानं सहज मनगट धरलं आणि त्याचा चेहरा उतरला. पंधरा मिनिटांत मी अतिदक्षता विभागात होतो, अंगावरच्या शालींसकट.

तिथले डॉक्टर चाळिशीचे, शांत, कमी बोलणारे. त्यांनी मंदाला तीन गोष्टी सांगितल्या आणि त्या मला ऐकू आल्या. थायरॉइडचा रस रक्तात इतका चढला आहे की शरीर पेटल्यासारखं झालं आहे. त्या वेगानं हृदय थकलंय — ठोके वाटेल तसे पडताहेत, रक्त पुढे ढकललं जात नाही. आणि यकृतानं हात टेकले आहेत. कावीळ आहे, रक्त गोठण्याची ताकद संपत चालली आहे. तीन वेगवेगळे आजार नव्हेत, म्हणाले. एकाच आजारानं घरातली तीन माणसं पाडली आहेत.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. गोळ्या चालू आहेत?

मंदा म्हणाली, "एकबी चुकली नाई, डॉक्टर. मी सोता देतो हातावर."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "सर?"

पलंगाच्या पायथ्याशी समितीचे चौघे उभे होते. एकाच्या हातात माझं सन्मानचिन्ह होतं. गडबडीत कुठं ठेवावं ते त्याला कळलं नव्हतं. त्यावर माझं नाव होतं आणि नावाखाली लिहिलं होतं — सत्यनिष्ठ. मंदा माझ्याकडे बघत होती; बघत म्हणजे, तिच्या लेखी उत्तर ठरलेलं होतं, नुसतं ऐकायचं होतं.

मी नाकातली नळी सावरली आणि म्हणालो, "मी एकही दिवस औषध चुकवलेलं नाही."

"नक्की?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. त्यांना शंका आली होती, हे मला आता कळतं. एवढं औषध घेऊन एवढं चढतं का? त्यांनी मला दुसरी संधी दिली होती. किती जणांना मिळते? मी मान हलवली.

आता त्या वाक्यानं काय केलं ते सांगतो. हे कळल्याशिवाय माझा दोष कळायचा नाही. मी खरं बोललो असतो, तर त्याच तासाला त्यांनी त्या गुलाबी गोळ्या कुटून नळीवाटे पोटात सोडल्या असत्या. आजार सरळ होता: औषध बंद केलं, रोग उसळला. पण मी औषध घेतच होतो, असं ठरलं. मग यकृत कशानं गेलं? त्या गोळ्या क्वचित कुणाच्या यकृताला बाधतात. तेव्हा दोष गोळीचा. तेव्हा गोळी बंद. म्हणजे या रोगावरचं सगळ्यात साधं, सगळ्यात जवळचं हत्यार मी त्यांच्या हातातून काढून घेतलं — आणि मग त्यांनी मला त्याच्याविना वाचवावं म्हणून पडून राहिलो.

डॉक्टरांनी हे सगळं पडद्यापलीकडे मंदाला समजावून सांगितलं. माझे कान उत्तम होते. म्हणजे आता मला माहीत होतं. पहिल्यांदा बोललो तेव्हा परिणाम माहीत नव्हता, आता होता. हाक मारायची होती फक्त. पडदा चार हातांवर होता.

मी हाक मारली नाही.

का? हा प्रश्न मी स्वतःला बराच विचारला आहे आणि प्रत्येक वेळी बरंसं उत्तर दिलं आहे — शुद्ध नव्हती, मेंदूवर परिणाम होता, भीती. शुद्ध होती. सन्मानचिन्हावर 'निष्ठ'मधला 'ष्ठ' नीट कोरलेला नाही, हे मला त्या वेळी दिसलं होतं.

माझा साळा विलास संध्याकाळी पोचला. यकृताचं ऐकून त्यानं तिथूनच मृणालला फोन लावला. "काय गोळ्या देल्या हो तुमी भाटोजीले? माणूस हळदीसारखा पिवळा पडला ना इथं! शिकल्या कायले मंग?" तिकडून ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. विलासचा आवाज मात्र सगळ्या वॉर्डानं ऐकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मृणाल स्वतः आली. अकोल्याहून, दवाखाना बंद ठेवून, त्या उन्हात गाडी चालवत. तिनं आधी माझी सगळी कागदपत्रं वाचली, तिथल्या डॉक्टरांशी बोलली, आणि मग पलंगाच्या कडेशी येऊन उभी राहिली. वर्गात उत्तर चुकल्यावर उभी राहायची तशी.

"सर, माझं चुकलं," ती म्हणाली. "लिव्हरची तपासणी मी मधे एकदा करायला पाहिजे होती."

मी डोळे मिटले. सिस्टरला वाटलं थकलो, तिनं मृणालला बाहेर जायला सांगितलं. जाताना ती माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं करून गेली.

हे आहे. ज्याच्याभोवती मी इतका वेळ फिरतो आहे ते हे. गोळ्या लपवणं नाही, पहिलं खोटंही नाही. एक प्रामाणिक बाई, तिनं न केलेल्या चुकीची माफी माझ्याकडे मागत होती, आणि मी ती डोळे मिटून घेतली.

पुढे जे झालं त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज काही नाही, आणि हीच तर पंचाईत आहे. औषध देता येत नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी दुसरी वाट काढली. माझं रक्त एका यंत्रातून फिरवायचं. त्यातला तो रसानं भरलेला पिवळा द्रव काढून फेकायचा आणि जागी दुसऱ्या माणसांच्या रक्तातला तोच द्रव भरायचा. असं चार वेळा केलं. त्यासाठी रक्तपेढीत पिशव्या लागत होत्या, आणि सत्कार समिती — सगळीच्या सगळी — रांगेत उभी राहून रक्त देऊन आली. शालीची थट्टा मी पुष्कळ केली. याची कशी करणार? माझ्या अंगात तेव्हा कोणाकोणाचं काय वाहत होतं देव जाणे; मी देव मानत नाही, पण रक्तपेढीवाला तरी जाणत असेल.

धारणीकडच्या एका गावची सिस्टर होती. तासातासाला नाडी बघायची, चमच्यानं पाणी पाजायची, आणि मी डोळे मिटले की म्हणायची, "बाबा, डोळे उघडे ठेवा, मले समजलं पायजे तुमी हाये म्हणून." मृणालसमोर मिटलेले डोळे मी तिच्यासाठी उघडे ठेवत होतो. डॉक्टर हृदयाला सावकाश, चाचपडत ताळ्यावर आणत होते. एका औषधानं नाडी उतरावी तर रक्तदाब कोसळे, की मग ते अर्धा तास पलंगाशी उभेच. ठोके सरळ झाले. कावीळ उतरू लागली. थोडी ताकद आल्यावर नागपूरला नेऊन मला किरणोत्सर्गी आयोडीनची एक गोळी दिली. तिनं ती ग्रंथी कायमची विझवली; तेव्हापासून त्या रसाची एक गोळी मला रोज बाहेरून घ्यावी लागते. त्यातही धोका होता. तो धोकाही त्यांनी माझ्या वाक्यावर विश्वास ठेवून पत्करला होता. सगळे मिळून एका खोट्या माणसाला खरोखर बरं करत होते.

घरी आल्यावर स्टुलावर चढण्याइतका जोर आला त्या दिवशी मी पहिलं काम केलं ते शब्दकोशाचे खंड काढण्याचं. मंदा दारात उभी राहून बघत होती. तिचे डोळे भरून आले. "आता वाचावं वाटून राहिलं तर बरे झाले तुमी," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. मी शंभराच्या वर गोळ्या रुमालात गोळा केल्या आणि संडासात टाकल्या. तीनदा पाणी सोडावं लागलं.

मग पाच वर्षं. विलासनं लग्नामुंजीत मृणालच्या गोळ्यांची गोष्ट सांगितली. कितीतरी जणांनी तिच्याकडे जाणं बंद केलं, असं कानावर आलं. ती मात्र दर महिन्याला मला तपासत राहिली. आणि एकदा तिनं डॉक्टरांच्या बैठकीत माझा आजार मांडला, 'माझ्या हातून राहिलेली तपासणी' म्हणून. वाचलेला रुग्ण म्हणून मला बोलावलं होतं. पडद्यावर अक्षरं आली: पुरुष, वय साठ, निवृत्त शिक्षक, औषधे नियमित. पहिल्या रांगेत बसून मी ते वाचलं. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला गुलाबाचं फूल देण्यात आलं.

म्हणजे माझं खोटं आता शास्त्रात जमा झालं होतं.

गेल्या महिन्यात तिच्या दवाखान्यात तपासणीसाठी बसलो होतो. आत दर्यापूरकडची एक बाई होती, चंद्रकलाबाई. भाजीपाल्याची शेती. गळा फुगलेला, डोळे बाहेर आलेले, बोटं — ती बोटं मला ओळखीची होती. मृणालनं मला आत बोलावलं. बाईला गोळी हवी होती. मृणाल नागपूरला जाऊन आयोडीन घ्या म्हणत होती, तारीख महिन्याभरानंतरची मिळत होती, तोवर फक्त नाडीची गोळी.

"नागपूरले कसं जाऊ, मॅडम? वांग्याचा तोडा चालू हाये," बाई म्हणत होती. "गोळीच द्या ना."

"तुमचं लिव्हर आधीच थोडं बिघडलंय, मावशी. गोळीनं आणखी बिघडलं तर? सर, तुम्हीच सांगा यांना."

बाईनं ते मोठे डोळे माझ्याकडे वळवले. "खरंच का जी?"

आणि मी — पाच वर्षांनंतर, शुद्धीत, नाकात नळी नसताना, सुती शर्ट घालून खुर्चीवर बसलेला — म्हणालो, "हो, बाई. खरं आहे."

"बरं झालं सांगतलं जी तुमी," ती म्हणाली. "शिकलेल्या माणसाचं आयकलं पायजे."

तिची नाडी मी पाहिली नव्हती. पण पदराखाली गळ्याशी ती दिसत होती. हृदय कोसळायला महिना पुरतो का? माझ्या हृदयाला सात आठवडे पुरले होते, आणि मी वांगी तोडत नव्हतो. नऊ दिवस मी हा हिशेब करत बसलो. नऊ दिवस म्हणजे काही कमी नाहीत, तेही लिहून ठेवतो.

दहाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मंदाला सांगितलं. ती मेथी निवडत होती. निवडायची थांबली.

"मी त्या डॉक्टरले सांगतलं होतं, एकबी गोळी चुकली नाई म्हणून," ती म्हणाली. "माह्या तोंडानं वदवलं तुमी." मग पुन्हा मेथीकडे वळून, "मले मंग सांगा काय ते. आधी त्या पोरीले सांगून या."

मृणालला सांगायला एक वाक्य लागलं. ज्यासाठी पाच वर्षं शब्द जुळवत होतो ते सहा-सात शब्दांचं निघालं. तिनं टेबलावरचा फोन उचलला आणि दर्यापूरचा नंबर लावला. "मावशी, आजच्या आज निघा. नाही, नागपूर नको. माझ्याकडं या. गोळी देते, अन् दर आठवड्याला लिव्हर तपासते." फोन ठेवून तिनं दुसरा लावला, ज्यांच्यासमोर माझा आजार मांडला होता त्या डॉक्टरांना तिनं सांगितलं की त्या रुग्णाची माहिती चुकीची होती, ती दुरुस्ती लेखी पाठवते. आवाज सरळ होता. मग चष्मा काढून दोन्ही हातांनी डोळे दाबले आणि तशीच बसली. मी समोर होतो. मी तिला काही विचारलं नाही, माफ कर म्हणालो नाही. माफी या प्रकरणात एकदा मागून झाली होती, तिच्याकडून.

चंद्रकलाबाई संध्याकाळी पोचल्या. गोळी सुरू झाली. नाडी उतरते आहे आणि यकृत सुधारतं आहे, असं परवा कळलं. त्यात माझं काही नाही.

त्या सकाळी मी खुर्चीतून उठलो तेव्हा मृणालनं चष्मा लावला, माझी फाईल ओढली आणि पहिल्या पानावर, नावाच्या अगदी खाली, लाल शाईनं इंग्रजीत एक ओळ लिहिली. उलटीकडून वाचायची मला शिक्षकी सवय आहे. मराठीत तिचा अर्थ असा होतो: रुग्णाच्या सांगण्यावर विसंबू नये. पुढच्या वेळेपासून गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत आणायची, असं तिनं सांगितलं. मी नेतो. रिसेप्शनवरची मुलगी ती मोजून घेते.